जुन्या पिकअप गाडीची उंची वाढविण्यापूर्वी

मुरबाड, शहापूर आणि अंबरनाथ या तालुक्यांतील भाजीपाला पूर्वी एस.टी.च्या टपावरून, दुधाच्या गाडीतून किंवा लोकलच्या मालडब्यातून शहरात येत असे. आता त्यातील मोठा भाग पिकअप गाडीने येतो. भेंडी, काकडी, कारली, दुधी, पावसाळ्यातील रानभाज्या, लग्नसराईतील फुले असा नानाविध माल पहाटेच्या अंधारात भरून कल्याणच्या बाजार समितीत किंवा डोंबिवली-ठाण्याच्या किरकोळ बाजारात पोहोचवावा लागतो. माळशेज घाट उतरून जुन्नर भागातील मालही याच रस्त्याने येतो. यांपैकी पुष्कळशा गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या, दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या आणि केवळ मागच्या दोन चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या असतात.

अशी गाडी काही वर्षांनी मागून बसते. शेताच्या वाटेवर तिचा तळ घासू लागतो, गतिरोधकावर आवाज येतो. तेव्हा गॅरेजात सहज सल्ला मिळतो की, "गाडी दोन इंच उचलून घ्या." पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा जादा पाटे टाकून गाडी उंच करण्याचे हे काम एका दिवसात होते, गाडी रुबाबदार दिसते आणि मालकाचेही समाधान होते. परंतु या कामाने नेमके काय साधते आणि काय बिघडते, याचा विचार क्वचितच होतो. ज्या गाडीवर एका कुटुंबाचा हंगाम अवलंबून असतो आणि जी दररोज माणसे घेऊन घाट चढते-उतरते, तिच्या बाबतीत हा विचार आधीच झाला पाहिजे.

गाडी उंच करू इच्छिणारे मालक बहुधा तीन कारणे सांगतात. शेतवाटेवर गाडी अडते, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते आणि माल भरला की गाडी खाली बसते. या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. त्यांवरील उपाय मात्र एकच नाही.

उंची कशाची वाढते?

पिकअप गाडीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी लोखंडी आस, जिला गॅरेजात अॅक्सल म्हणतात, ती चाकांच्या मध्यातून जाते. तिच्या मधोमध डिफरन्शियलचा मोठा गोळा असतो. गाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग बहुधा हाच गोळा होय. पाटे या आसेवर टेकलेले असतात आणि पाट्यांवर चासी उभी असते. म्हणजे जमिनीवर चाक, चाकाच्या मध्यात आस, आसेवर पाटे आणि पाट्यांवर चासी व हौदा, अशी ही रचना आहे.

आता पाटे आणि आस यांच्यामध्ये दोन इंचांचा ठोकळा घातला, तर ठोकळ्याच्या वर असलेले सारे दोन इंच उचलले जाते. ठोकळ्याच्या खाली असलेली आस आणि तो गोळा होते तेथेच राहतात. बांधावरचा दगड किंवा चाकोरीच्या मधला उंचवटा ज्या गोळ्याला लागत होता, तो गाडी उंच केल्यानंतरही लागतोच. हे गावातील बैठकीत प्रत्यक्ष दाखविता येते. गाडी सपाट जागी उभी करून डिफरन्शियलच्या गोळ्याखाली विटा रचाव्यात आणि किती विटा बसतात ते पाहावे. त्यानंतर जॅक चासीला लावून मागचा भाग चार बोटे उचलावा, पण चाके जमिनीवरून सुटू देऊ नयेत. चासी वर जाते, पाटे मोकळे होतात, विटांवरचे अंतर मात्र तेवढेच राहते. यासाठी गाडीखाली कोणी जाण्याची आवश्यकता नाही, आणि जाऊ देऊही नये.

आसेची उंची वाढते ती केवळ चाक मोठे केल्याने, आणि तीही निम्म्यानेच. टायरचा व्यास ४ सेंटिमीटरने वाढला, तर आस २ सेंटिमीटर वर जाते. मोठ्या टायरमुळे चाकाला फिरविण्यास अधिक जोर लागतो, जुन्या इंजिनावर आणि क्लचवर ताण येतो आणि घाटात पहिल्या गिअरची ओढ कमी पडते. शिवाय वळण घेताना टायर मडगार्डला घासण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट अशी की, भाताच्या खाचराकडे जाणाऱ्या ओल्या वाटेवर दोन चाकांच्या ओढीची गाडी बहुतेक वेळा उंची कमी पडल्यामुळे अडत नाही. ती अडते मागची चाके घसरल्यामुळे. रिकाम्या पिकअपचे वजन पुढे इंजिनाकडे जास्त आणि मागे कमी असते. त्यामुळे ज्या चाकांनी गाडी ढकलावयाची, तीच हलकी राहून जागच्या जागी फिरतात. उंची वाढवून ही घसरण तसूभरही कमी होत नाही. नक्षी झिजलेले मागचे टायर बदलणे, गाडी रिकामी असताना मागच्या आसेच्या वर वाळूची काही पोती घट्ट बांधून ठेवणे, हे त्यावरचे साधे उपाय होत. पुष्कळ शेतांच्या बाबतीत तर वाटेवरचा तो एकच नेहमीचा चिखलाचा तुकडा असतो. तेथे परवानगीचा एक-दोन ब्रास मुरूम टाकून दाबला, तर त्या वाटेने जाणाऱ्या सर्वच शेतकऱ्यांची सोय होते. तेही न जमल्यास गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून क्रेट डोक्यावरून आणावेत. कष्ट पडतात, परंतु पहाटे तीन वाजता चिखलातून गाडी ओढण्यासाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शोधण्यापेक्षा ते बरे.

पाण्याविषयीही असाच गैरसमज आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने बदलापूर-कल्याण भागात जो हाहाकार केला, तो अनेकांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जेथे रेल्वेगाडी थांबते, तेथे दोन इंचांच्या ठोकळ्याचा भरवसा धरणे योग्य नव्हे. वाहते पाणी गाडीला बाजूला रेटते आणि फूटभर खोलीचा वेगवान प्रवाहही लहान गाडी हलवू शकतो. इंजिनात पाणी शिरते ते हवा ओढणाऱ्या नळीतून, आणि डिफरन्शियलमध्ये शिरते ते त्याच्या वरच्या श्वासनळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून. साचलेल्या पाण्यातून गाडी न्यावीच लागली असेल, तर नंतर डिफरन्शियलचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास ताबडतोब बदलावे. गाडी उंच केली आहे म्हणून पाण्यात घालण्याचे धाडस वाढते, हाच अशा बदलाचा खरा धोका होय.

पाट्यांचे गणित

राहिले तिसरे कारण, म्हणजे माल भरल्यावर गाडी बसणे. ते समजण्यासाठी पाट्यांचे कार्य समजले पाहिजे. कल्याण स्थानकाबाहेर टांगे उभे राहत, त्या काळातील माणसांना कमान ही वस्तू समजावून सांगावी लागत नसे. टांग्याची कमान जशी ओझ्याने दबते आणि ओझे उतरले की पुन्हा उठते, तशीच पिकअपच्या पाट्यांची रीत आहे. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांपैकी सर्वांत लांब असलेल्या मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चासीला पिनेने जोडलेला असतो आणि दुसरा शॅकल नावाच्या हलत्या कडीला. पाटा दबून सपाट होताना लांब होतो, ती वाढलेली लांबी ही कडी सामावून घेते. सर्व पाटे मध्यभागी सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात आणि यू-बोल्टने आसेला आवळलेले असतात.

पाट्यांचा ताठरपणा दोन गोष्टींवर ठरतो. पाट्यांची संख्या वाढली तर तो त्याच प्रमाणात वाढतो. पाच सारखे पाटे असताना सहावा घातला, तर ताठरपणा सुमारे २० टक्के वाढेल. जाडीचा परिणाम मात्र याहून फार मोठा आहे, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ मिलिमीटरचे पाटे काढून त्याच रुंदीचे व लांबीचे ९ मिलिमीटरचे घातले, तर ताठरपणा सुमारे ४२ टक्के वाढतो. केवळ एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो, हे ऐकून जुन्या कारागिरांनाही आश्चर्य वाटते.

ताठर पाट्यांमुळे गाडी भरल्यावर कमी बसते, हे खरे. परंतु पाटे वाढविल्याने गाडीची वाहून नेण्याची शक्ती वाढत नाही. आस, चाकांचे बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांची शक्ती पूर्वी होती तेवढीच राहते. गाडी खाली बसत नाही म्हणून मालक आणखी दहा क्रेट चढवितो आणि तो भार वरील भागांपैकी सर्वांत दुबळ्या भागावर पडतो. गाडीचे बसणे ही एक प्रकारची सूचना असते. ठोकळा ती सूचना बंद करतो, भार कमी करीत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची बाब मालाची आहे. ताठर पाटे पूर्ण भाराखाली नीट काम करतात. अर्ध्या भाराने किंवा त्याहून कमी भाराने ते दबतच नाहीत आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा क्रेटपर्यंत पोहोचतो. भेंडीच्या शिरा घासून काळ्या पडतात, टोमॅटो खालच्या थरात दबतात, कारल्याचे काटे मोडतात. माल बाजारात उतरविताना हे दिसत नाही. दुपारपर्यंत डाग उठतात आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी त्या शेतकऱ्याच्या मालाला हात लावताना विचार करतो. मुरबाडहून कल्याण सुमारे ३० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात मालाची होणारी नासाडी शेतातील किडीने होणाऱ्या नासाडीसारखी डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

गाडी का बसली, ते आधी मोजावे

गॅरेजात जाण्यापूर्वी मालकाने स्वतः टेपने माप घ्यावे. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, चारही टायरांत योग्य हवा भरावी, गाडी थोडी पुढे-मागे हलवून पाटे मोकळे करावेत. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. मागच्या बाजूस आस आणि तिच्या वरचा रबरी ठोकळा यांतील अंतरही मोजावे. नंतर नेहमीचा माल भरून हीच मापे पुन्हा घ्यावीत. त्याच प्रकारची, कमी वापरलेली एखादी गाडी गावात असेल, तर तिची मापे घेऊन तुलना करावी.

मापांवरून पुष्कळ काही कळते. समजा, मागे डावीकडे ४६ सेंटिमीटर आणि उजवीकडे ४३ सेंटिमीटर आले. अशा वेळी दोन्ही बाजूंस ठोकळे घालणे निरर्थक आहे. उजव्या बाजूचा एखादा पाटा तुटलेला असण्याचा संभव फार मोठा आहे. पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तुटतो आणि आवळलेल्या यू-बोल्टखाली ती भेग दिसत नाही. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील, तर पाटे थकले आहेत किंवा डोळ्यांतील बुश झिजले आहेत. शॅकलची पिन गंजून बसली असेल तर पाटा लांब होऊ शकत नाही आणि गाडी खाली न बसताही आदळू लागते. कोकणातील पावसात व खाडीच्या खाऱ्या हवेत ही शेवटची तक्रार नित्याची आहे. असे असता केवळ पिन व बुश बदलून गाडी पूर्ववत चालते, हे अनेकदा दिसते.

रिकामी गाडी योग्य उंचीवर आहे, पण भरल्यावर रबरी ठोकळ्याला टेकते असे आढळले, तर दोष पाट्यांचा नसून भाराचा आहे. नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले कमाल वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे माल, चालक आणि सोबतची माणसे मिळून नेता येणारे वजन. जवळच्या वजनकाट्यावर एकदा भरलेली गाडी तोलून पाहावी. ओल्या पालेभाज्यांचे वजन अंदाजापेक्षा बरेच अधिक भरते.

उंची वाढविण्याच्या रीती आणि त्यांचे परिणाम

मागच्या पाट्यांखाली ठोकळे घालणे ही सर्वांत स्वस्त रीत. हे ठोकळे कधी ओतीव, कधी वेल्डिंग केलेले आणि कधी, हे सांगावयास नको, पण लाकडाचेही असतात. ब्रेक लावताना आस फिरू पाहते आणि उंच ठोकळ्यावर तो पीळ वाढतो. त्यामुळे पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकू लागतात आणि यू-बोल्ट सैल होतात. एकावर एक दोन ठोकळे कधीही ठेवू नयेत. पुढच्या आसेवर तर ठोकळा घालूच नये, कारण ब्रेकचा बहुतेक जोर पुढच्या चाकांवर येतो आणि तेथे ठोकळा सरकला तर गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही.

दुसरी रीत लांब शॅकल बसविण्याची. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून ती दोन इंच लांब केली तर गाडी सुमारे एक इंचच उंच होते. परंतु पाट्यासह आसही कलते. मागच्या आसेचा कल बदलला की प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन बदलतो, विशिष्ट वेगाला गाडी थरथरू लागते आणि सांध्यातील क्रॉस लवकर संपतो. पुढच्या आसेचा कल बदलला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते किंवा फार जड होते.

काही पिकअप गाड्यांना पुढे पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग किंवा टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारा पोलादी दांडा असतो. या दांड्याचा बोल्ट फिरविला की पुढचा भाग लगेच उचलला जातो. काम इतके सोपे आहे की ते पुष्कळ जण स्वतःच करतात. परंतु तेवढ्याने चाकांची दिशा व कल बदलतात, टायर एका कडेने झिजतो आणि चाकाला खाली जाण्यास जागा उरत नसल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात खट्ट असा आवाज येतो. बोल्ट फिरविल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घेतलेच पाहिजे.

तापवून पाट्यांना पुन्हा कमान देणे ही जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते. पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, तेलात बुडवून आणि पुन्हा मंद तापवून सिद्ध केलेले असते. ते भट्टीत लाल करून हातोड्याने ठोकले की हा गुण नाहीसा होतो. असा पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा अचानक तुटतो. थंड स्थितीत दाबयंत्राने कमान दिलेली असेल, तर ती काही काळ टिकते. तरीही दहा वर्षे वापरलेल्या पाट्यावर खर्च करण्यापेक्षा मूळ मापाचे नवे पाटे घेणे अंती स्वस्त पडते.

कोणत्याही रीतीने गाडी उंच केली, तरी शॉक-अॅब्सॉर्बर, ब्रेकची रबरी नळी आणि हातब्रेकची तार यांची लांबी तीच राहते. चाक खड्ड्यात पूर्ण खाली गेले की हे भाग ताणले जातात. शॉक-अॅब्सॉर्बर निखळला तर आवाजाने कळते, ब्रेकची नळी ताणून चिरली तर उतारावरच कळते.

ब्रेकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती पुष्कळ कारागिरांच्याही लक्षात येत नाही. अनेक पिकअप गाड्यांच्या मागच्या ब्रेकला भारानुसार तेलाचा दाब कमी-जास्त करणारी एक झडप असते. तिला गॅरेजात एलएसपीव्ही म्हणतात. ही झडप चासीवर असते आणि एका दांडीने किंवा स्प्रिंगने आसेशी जोडलेली असते. चासी आणि आस यांतील अंतर कमी झाले म्हणजे गाडी भरलेली आहे असे ती समजते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. अंतर जास्त असेल तर गाडी रिकामी समजून दाब कमी ठेवते. मध्ये ठोकळा घातला की हे अंतर कायमचे वाढते. मग गाडी पूर्ण भरलेली असूनही झडप तिला रिकामी समजते, मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना पुढचे ब्रेक तापून त्यांची पकड जाण्याचे हे एक कारण ठरू शकते. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालवून पाहिल्यास हा दोष मुळीच जाणवत नाही.

घाटातील वळणाचाही विचार करावा. समजा, गाडीच्या दोन चाकांतील रुंदी १४० सेंटिमीटर आहे आणि माल भरल्यावर तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटर उंचीवर आहे. अशी गाडी कागदी हिशेबाने सुमारे ३५ अंश कलेपर्यंत उलटणार नाही. चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उंच केली की ही मर्यादा साडेबत्तीस अंशांच्या आसपास येते. हा फरक थोडा वाटेल. परंतु प्रत्यक्षात पाटे एका बाजूस दबतात, टायर वाकतात, क्रेट सरकतात आणि एखादे चाक खड्ड्यात जाते. या सर्वांनी मर्यादा आधीच बरीच खाली आलेली असते. त्यात हौद्याच्या कठड्यावर क्रेटचा आणखी एक थर रचलेला असला, तर तो ठोकळ्याहून अधिक अपाय करतो. हौद्यात मालावर बसून येणारी माणसे अशा वेळी प्रथम बाहेर फेकली जातात. मालाच्या गाडीतून मजूर नेण्याची प्रथा, गाडी उंच असो वा नसो, गावातील कार्यकर्त्यांनी परावृत्त केली पाहिजे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूलतः ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयात या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षी अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले. त्यात, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रमाणाबाहेर माल भरण्याबद्दल कलम १९४ मध्ये वेगळा व याहून मोठा दंड आहे.

मालवाहू गाडीला ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. जुन्या पिकअपच्या मालकाला म्हणून ठाणे किंवा कल्याणच्या परिवहन कार्यालयाशी दरवर्षी संबंध येतोच. तपासणीपूर्वी ठोकळे काढावयाचे आणि नंतर पुन्हा घालावयाचे, हा उद्योग काही जण करतात. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या निरीक्षकाने गाडी पाहिली, तर मात्र ठोकळे जागेवर सापडतात आणि भरपाईचा दावा अडचणीत येतो. मूळ मापाचे पाटे, बुश, पिना आणि शॉक-अॅब्सॉर्बर बदलणे हा बदल नसून दुरुस्ती होय. त्यास कोणतीही आडकाठी नाही. एखाद्याला खरोखरच अधिक उंचीची गाडी हवी असेल, तर त्याने आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, काम नंतर.

मूळ उंची परत आणण्याचे काम

थकलेले पाटे बदलले की बहुतेक जुन्या गाड्या हरवलेली उंची परत मिळवितात. मालकांना जे हवे असते ते पुष्कळदा एवढेच असते. हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे आणि मालकाने शेजारी उभे राहून पाहावे.

गाडी पक्क्या व सपाट जमिनीवर घ्यावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. मागची बाजू जॅकने उचलून चासीखाली दोन मजबूत घोड्या द्याव्यात. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना. आस दुसऱ्या जॅकवर तोलून धरावी, म्हणजे यू-बोल्ट काढताच ती खाली पडणार नाही व ब्रेकची नळी ताणली जाणार नाही. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे.

पाट्यांचा संच सोडविताना विशेष सावधगिरी हवी. सर्व पाटे एकमेकांवर दाबलेले असतात आणि सेंटर बोल्ट त्यांना धरून ठेवतो. हा बोल्ट थेट काढल्यास पाटे उसळून हाताला किंवा तोंडाला लागतात. म्हणून संच आधी शिकंज्यात घट्ट धरावा आणि मगच बोल्ट काढून शिकंजा हळूहळू सैल करावा.

पाटे दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवल्यास गाडी तिरकी उभी राहते. त्यांसोबत बुश, पिना आणि यू-बोल्टही नवे घ्यावेत. जुना यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो, तो पुन्हा आवळल्यास पहिल्यासारखा धरत नाही. ही काटकसर बहुतेक गॅरेजांत होते आणि ती टाळली पाहिजे. बसविताना सेंटर बोल्टचे डोके आसेवरील खाचेत नीट बसले आहे याची खात्री करावी. ते खाचेबाहेर राहिले तर आस तिरकी बसते आणि गाडी रस्त्यावर एका अंगाने चालते.

यू-बोल्टचे नट एकदम एका बाजूचे न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने टॉर्क पान्याने घट्ट करावेत. डोळ्यांतील रबरी बुशांच्या पिना मात्र गाडी घोड्यांवर असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतर त्या आवळाव्यात. नाही तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि एका पावसाळ्यात फाटते. त्यानंतर एलएसपीव्हीची दांडी पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावी, आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहावा. मागचा भाग वर आला की झोत खाली येतो, त्यामुळे पहाटेच्या प्रवासात समोरचे कमी दिसते.

पाटे कोरडे ठेवावेत की ग्रीस लावावे, हे गाडीवर अवलंबून आहे. ज्या संचात पाट्यांच्या टोकांशी प्लॅस्टिकचे तुकडे असतात, त्यास ग्रीस लावू नये. शॅकलच्या पिनेला ग्रीसची निपल असेल, तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ग्रीस भरावे. चिखल धुताना पाण्याचा फवारा पाट्यांच्या बाजूने मारावा, म्हणजे मधली माती निघून जाते.

काम झाल्यावर पूर्वीच्याच जागी पुन्हा मापे घ्यावीत आणि वहीत तारखेसह लिहावीत. नवे पाटे पहिल्या काही फेऱ्यांत थोडे बसतात, ते स्वाभाविक आहे. बाजाराच्या चार-पाच फेऱ्या झाल्या की गाडी परत गॅरेजात नेऊन यू-बोल्टचे नट पुन्हा टॉर्क पान्याने पाहून घ्यावेत. नवे यू-बोल्ट या काळात हमखास थोडे सैल होतात. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा भात झोडणीनंतर, चार चाकांची चार मापे घेणे पुरेसे आहे. कोणत्याही एका चाकाचे माप दोन सेंटिमीटरहून अधिक उतरले असेल, तर त्या बाजूचे पाटे पुढचा माल भरण्यापूर्वी उघडून पाहावेत.